खिडकी नंबर सातवरची चेला

"'आता मी माझ्या बेटावर परत जाणार.'" नेरेइदाने कागदावरचं चेलाचं शेवटचं वाक्य वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कुठल्या बेटावर?"

"प्वेर्तो रिको," मेरेडिथ म्हणाली. ती मालिकेची लेखिका, तिशीही न गाठलेली. "म्हणजे, चेला तिथलीच ना?"

"चेलाचं ठाऊक नाही. मी इथली न्यूयॉर्कची, ब्राँक्सची. एकशे एकोणपन्नासाव्या रस्त्यावर जन्मले, अजून तिथून चार गल्ल्यांवर राहते."

काउंटरखाली आडव्या पडलेल्या लिओनर्डने कबुतराची बाहुली वर काढली. "मॅनहॅटनसुद्धा बेटच आहे," कबूतर म्हणालं. "चालत जाईल की पुलावरून."

सगळे हसले. नेरेइदाही हसली, पण सवयीने.

'खिडकी नंबर सात' ही मुलांची मालिका छत्तीस वर्षं चालली होती. स्टेशनवरची हरवलेल्या वस्तूंची खिडकी, मागे नेरेइदाने रंगवलेली चेला, शेजारी कबूतर. मुलं येत, छत्री नाहीतर बूट मागत. मग चेला त्यांच्याकडून त्या वस्तूचं पहिलं अक्षर वदवून घेई, बटणं मोजून घेई, आधी इंग्रजीत आणि मग स्पॅनिशमध्ये. महिन्यापूर्वी वरून फोन आला होता. खिडकीवर आता नवा चेहरा हवाय, म्हणाले. तिने "बरं" म्हणून फोन ठेवला आणि उरलेले कपडे वाळत घातले. रडू येईल म्हणून दोन दिवस वाट पाहिली. दात काढल्यावर बधिर गालावरून जीभ फिरवावी तशी ती मनाला चाचपत राहिली. काहीच लागलं नाही.

"वाक्य बदलता येईल का?" तिने विचारलं.

"वरून मंजूर होऊन आलंय," मेरेडिथ ओशाळून म्हणाली. "आणि ते गोडच आहे ना? घरी परतणं?"

नेरेइदाने चष्मा पुन्हा चढवला.

अगदी सुरुवातीला, चित्रीकरणाच्या दुसऱ्याच आठवड्यात, तेव्हाचा दिग्दर्शक तिला बाजूला घेऊन म्हणाला होता, "तुझं इंग्रजी फारच साफ आहे गं. जरा तुमच्या लोकांसारखं बोल ना." तिला तसं येत नव्हतं. शाळेतल्या नन्सनी पट्टी मारून तिची जीभ सरळ केलेली. मग ती मामीकडे गेली. मामी म्हणजे तिची आई, प्रोविदेन्सिया. कपड्यांच्या कारखान्यात बाह्या शिवायची. "मामी, ही जाहिरात इंग्रजीत वाचून दाखव ना मला." मामीला केवढा आनंद! आजवर पोरगी तिच्या उच्चारांनी लाजून चार पावलं मागे चालायची. मामीने हात पुसले, ताठ बसली आणि साबणाची जाहिरात सगळी वाचून दाखवली. दोनदा.

मालिका टीव्हीवर लागली तेव्हा मामी कॉफी घेऊन टीव्हीसमोर बसली. पहिली दोन मिनिटं खुशीत हसली. मग कप खाली ठेवला.

"ही मी आहे," ती म्हणाली.

"नाही गं मामी, ती चेला आहे."

"मी आहे ती. लोक हसतायत ना?"

त्यानंतर मामी तिच्यासमोर इंग्रजीचा एक शब्द बोलली नाही. बँकेत असो, दवाखान्यात असो, "तू बोल, तुला छान येतं," म्हणून ती मागे उभी राहायची. पंचवीस वर्षांनी मामी गेली. त्या आठवड्यातही नेरेइदाने दोन भाग केले, त्याच उच्चारांत. शाळाशाळांतून पत्रं येत होती, पोरं खरंच अक्षरं शिकत होती. सोडायचं कशासाठी, हे तिला कुणी पटवून दिलं नाही. तिनेही स्वतःला विचारलं नाही.

शेवटचा प्रसंग सकाळी अकराला लागला. छत्री न्यायला आलेली सहा वर्षांची मुलगी काउंटरपाशी उभी. कबुतराने विचारलं, "चेला, तू कुठे चाललीस?"

"कुठेच नाही," नेरेइदा म्हणाली. "मी इथलीच आहे. फक्त उद्यापासून खिडकीवर नसेन."

हे ती स्वतःच्या साध्या, साफ इंग्रजीत म्हणाली, घराजवळच्या दुकानदाराशी बोलते तसं.

कबुतराने मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणालं, "मग येत जा ना अधूनमधून."

छोटी मुलगी मात्र गोंधळली. "चेलाला सर्दी झालीय का?" तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

चित्रीकरण थांबलं. दिग्दर्शक पुढे आला. "नेरेइदा, वाक्य जाऊ दे, पण आवाज? चेला अशी बोलत नाही."

"माझी आई तशी बोलायची," ती म्हणाली. "चेला अशी बोलते."

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच, तसंच. तिसऱ्यांदा दिग्दर्शकाने घड्याळ पाहिलं. मेरेडिथ हळूच म्हणाली, "राहू दे ना." आणि ते राहिलं. आता तरी काही वाटेल म्हणून नेरेइदा थोडी थांबली. दिवे एकेक करून विझले.

लिओनर्डला उठता येईना. तिने हात दिला, तेव्हा त्याचे गुडघे कटकट वाजले.

"छत्तीस वर्षं तुझ्या पायाशी काढली," तो म्हणाला. "बायकोच्या पायाशी इतकी काढली असती, तर ती सोडून गेली नसती."

"तुझी बडबड ऐकूनच गेली ती."

तो हसला, मग बाहुली हातातून काढता काढता तोंड फिरवून उभा राहिला. तिने त्याचा सदरा पाठीमागून झटकला, धूळ लागली होती.

चार वाजता ती घरी पोचली. कालचा भात आणि तुरीचे दाणे गरम केले, उभ्याउभ्याच खाल्ले. ताटली धुवायला घेतली, तर शेजारच्या घरातून टीव्हीचा आवाज आला. जुना भाग लागला होता. चेला बटणं मोजायला सांगत होती: किती झाली? मग नेहमीची शांतता, तीन आकडे मोजण्याएवढी, पोरांनी उत्तर द्यावं म्हणून सोडलेली. नेरेइदाने नळ बंद केला.

"पाच!" भिंतीपलीकडून एक लहान पोर ओरडलं.

"अगदी बरोबर!" चेला म्हणाली.

"चारच होती," नेरेइदा भिंतीकडे बघत हळूच म्हणाली, आणि नळ पुन्हा सोडला.