अंगणातल्या सऱ्या

"नाटकं आहेत सगळी!" धाकट्याने खोरं अंगणात आपटलं. "उंबऱ्यात पाय चिकटतो म्हणे याचा. आणि काल रानात? सऱ्यांमधून असा ढांगा टाकत गेला की मला मागे पळावं लागलं!"

त्या दोघा भावांच्या आणि माझ्या घराच्या मधे एक काट्यांचं कुंपण, बस. त्यामुळे तिकडच्या भांडणाला मला वेगळा कान लावावा लागत नाही. थोरला झिजून जमिनीसारख्या सपाट झालेल्या उंबऱ्यात उभा होता. टाच उचलायचा, बोटं जमीन सोडायची नाहीत, अंग मात्र पुढे झुकायचं. चेहऱ्यावर राग नाही, लाज नाही, काहीच नाही. हेही त्या दुखण्याचंच, पण धाकट्याला वाटायचं, हा मला मोजतच नाही.

दुखणं तसं पावलापावलानं आलं होतं. आधी चालताना डावा हात झुलायचा थांबला. मग बसल्या जागी अंगठा थरथरायला लागला. सदऱ्याची बटणं बायको लावू लागली, आणि आवाज इतका खोल गेला की बैलसुद्धा ऐकेनात. शहरातला डॉक्टर म्हणाला, मेंदूचं आहे, गोळ्यांनी आवरेल, पण जाणार नाही, वाढत जाईल. धाकट्याने त्यातलं 'आवरेल' तेवढं घरी आणलं.

"पेरणी उरकली की चूल वेगळी," तो म्हणाला. "तुमचं रान तुम्ही बघा. मी एकट्याने किती मरायचं?"

"भाऊजी, चूल मांडायला काय लागतं? तीन दगड," थोरल्याची बायको म्हणाली. "पण यांना सांभाळून रान कसं ओढू, ते सांगा."

"त्यालाच विचार. रानात घोडा आहे तो."

तिला आम्ही सगळे भिंगरी म्हणतो. बसलेली कुणी पाहिली नाही तिला. त्या दिवशी तर ती झाडलेलं परत झाडत होती, भरलेली घागर ओतून परत भरत होती. शेवटी कुंपणाशी आली.

"बाई, मलाही कधी कधी वाटतं, मुद्दाम करतात की काय. आणि वाटलं की माझीच मला चीड येते."

"मग जा ना मागे. बघ एकदा डोळ्यांनी," मी म्हणाले. मला गुळमुळीत बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याच्या मागे रानात गेली. वारा सुटला होता, मातीने डोळे भरत होते. बैलगाडीच्या सपाट वाटेवर थोरला खिळला. तिने हाताला धरून कसाबसा रानात आणला. पहिली सरी आडवी आली आणि पाय उचलला. दुसरी ओलांडली, तिसरी ओलांडली, गडी निघाला! पलीकडचा बांध सपाट. तिथे परत खिळला.

"समोर आडवं काही दिसलं की पाय आपोआप उठतो गं," तो पुटपुटला. "मोकळ्या जागेत त्याला काय करायचं तेच आठवत नाही."

ती धावतच घरी आली. कुदळ घेतली आणि सारवलेल्या अंगणात फाटकापासून दारापर्यंत आडव्या रेघा ओढायला लागली. उंबऱ्यावर आणि आत ओसरीवर चुन्याच्या तशाच रेघा ओढल्या.

धाकटा बोंबलत आला. "वहिनी, वेड लागलं का? अंगणाचं वाटोळं केलंत!"

"गप उभे राहा तिथे!" दिराला असं बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

मागून थोरला सपाट वाट कशीबशी घासत फाटकाशी पोचला. खाली बघितलं. एक रेघ, दुसरी रेघ, तिसरी. उंबऱ्याशी क्षणभर अडखळला. माझा जीव टांगणीला लागला. मग चुन्याची रेघ ओलांडून तो आत गेला.

धाकट्याचं तोंड उघडं ते उघडंच. मग तो म्हणाला, "म्हणजे... खरंच चिकटत होता?"

"नाही, नाटक होतं," मी कुंपणावरून म्हणाले. मला राहवलं नाही.

संध्याकाळी पांढऱ्या रंगाचा डबा आणून धाकट्याने सगळ्या रेघा दोरी लावून नीट पक्क्या केल्या. वेगळ्या चुलीचं नाव परत कुणी काढलं नाही. पेरणी झाली, पीक कमरेला लागलं. रानाच्या वाटेवरही तशाच रेघा पडल्या आणि थोरला घरातून रानात आणि रानातून घरात येत-जात राहिला. भिंगरी जरा टेकायलाही लागली.

मळणीच्या सुमाराला तो दोन रेघांच्या मधे अडकायला लागला. पुढची रेघ दिसायची, पाऊल तिथवर पोचायचं नाही. चालणं आखडत आलं होतं.

धाकटा डबा घेऊन उकिडवा बसला आणि प्रत्येक दोन रेघांच्या मधे एक नवी रेघ ओढायला लागला. थोरला खांबाला धरून बघत होता.

"पुढच्या खेपेला मधे अजून जागा राहील का रे?" त्याने विचारलं.

"राहील की, दादा," धाकटा म्हणाला. "खूप राहील." मान मात्र त्याने वर केली नाही.