बसचं बघू

शिवणवाल्या काकूंना पक्षाशी, झेंड्याशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की दवाखान्याकडे जाणारी बस बंद होणार की राहणार? काकांना डायलिसिसला न्यावं लागे आणि त्या रस्त्याला दुसरी गाडी नव्हती. बस गेली तर या माणसाला न्यायचं कसं, या काळजीत त्यांनी परवा कुणाच्या झग्याला बाही उलटी जोडली. शेवटी मशीन झाकून त्या उमेदवारांचा जाहीर वाद ऐकायला शाळेच्या हॉलमध्ये गेल्या.

वाद कसला, डोंबलाचा! मंचावर तिघे होते. पहिला हसरा. त्याला तुंबलेल्या गटारांबद्दल विचारलं तरी हसे, बेकारीबद्दल विचारलं तरी हसे. हा मयतालाही हेच दात घेऊन जात असणार, असं काकूंना वाटलं. दुसरा कळवळ्याचा. वाक्यागणिक छातीवर हात आपटायचा, आणि खिशातलं पेन टोचलं की डोळ्यांत पाणी यायचं. बायका म्हणत होत्या, किती हळवा आहे बिचारा! तिसरा चष्मेवाला, कागदात तोंड खुपसून पुटपुटणारा. त्याची पाळी आली की निम्मा हॉल पाणी प्यायला उठे.

काकूंनी माइक हातात घेऊन बसचं विचारलं. हसऱ्याने आधी प्रश्नाचं कौतुक केलं, मग काकूंचं, मग एकूणच मातृशक्तीचं, आणि म्हणाला, "बसचं आपण नक्की बघू." टाळ्या पडल्या. कळवळेवाल्याने त्याच्यावर ताण केली. आपल्या आजारी आईची आठवण काढली, आवंढा गिळला आणि म्हणाला, "मी स्वतः जातीने बघेन." मग तर हॉल डोक्यावर घेतला लोकांनी.

आता 'बघू' म्हणजे काय, हे काकूंना कुणी शिकवायला नको होतं. लेक लहानपणी सायकल मागायची तेव्हा त्या 'बघू' म्हणायच्या. लेक लग्न होऊन गेली, सायकल काही आली नाही. पण तोच शब्द माइकमधून आला, तोही आपलं कौतुक करून, तेव्हा काकू विरघळल्या. त्यांनीही हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

मग चष्मेवाल्याने मान वर केली. "बस बंद होणार," तो म्हणाला, "ठराव झालाय. मी निवडून आलो तरी ती वाचणार नाही. पण..."

मेल्याच्या जिभेला काही हाड! हॉलभर हुर्यो उठली. कुणी बाकं बडवली, कुणी शिट्ट्या मारल्या. तो बराच वेळ ओठ हलवत राहिला, मग कागद गोळा करून खाली बसला.

घरी काका वाटच बघत होते. काकूंनी पहिल्या दोघांची उत्तरं सांगितल्यावर ते खो खो हसले. म्हणाले, दोघांनी बघायचं ठरवलं म्हणजे गेली बस. मग तिसऱ्याचं विचारलं.

"तो सरळच म्हणाला, बंद होणार."

"बरं झालं, एक तरी खरं बोलला. मग आपल्यासारख्यांनी काय करायचं, ते सांगितलं का?"

काकू पदराशी चाळा करत राहिल्या. "सांगत होता काहीतरी. 'पण' म्हणाला. पुढचं ऐकू आलं नाही."

"का, माइक बिघडला?"

"नाही हो," काकू बसलेल्या घशाने म्हणाल्या, "मी ओरडत होते."