बाहीतली पिल्लं

थोमाईला कोट मिळाला तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती, आणि त्याआधीची तिची एकोणचाळीस वर्षं दुसऱ्यांचे कोट शिवण्यात गेली होती. ग्रीसमधल्या कास्तोरियात यात नवल काही नाही. तळ्याकाठच्या या गावात घरटी एक तरी माणूस फरच्या धंद्यात. पण शिवणाऱ्या बायकांच्या अंगावर मात्र वर्षानुवर्षं तीच विटकी लोकरीची जाकिटं. मिंकचा, म्हणजे मुंगसासारख्या त्या मऊ केसाच्या जनावराच्या कातड्यांचा, कोट आपण शिवायचा आणि मॉस्कोच्या बाईनं घालायचा, हे इतकं ठरलेलं होतं की त्याचं कुणाला वाईटही वाटत नसे.

मग रशियन गिऱ्हाईक यायचं थांबलं. एकेक कारखाना बंद पडत गेला आणि नोव्हेंबरात प्रोकोपिस मालकांनीही आपल्या दाराला कुलूप लावायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मिळून कॉफी घेतली, ज्याचं त्याचं देणं चुकतं झालं, बाया डोळे पुसत निघाल्या. थोमाईला मात्र मालकांनी मागे थांबवलं. आतल्या खोलीतून ते पांढऱ्या सुती पिशवीत टांगलेलं काहीतरी घेऊन आले.

"घाल."

"मालक, चेष्टा करताय का?"

"चेष्टा करायचं वय गेलं माझं. घाल म्हणतो ना."

पिशवी उघडताच तिनं कोट ओळखला. चार हिवाळ्यांपूर्वी तिनंच शिवला होता. गडद तपकिरी, गुडघ्यापर्यंत. ज्या बाईसाठी शिवला ती पुन्हा आलीच नाही.

"एवढ्या वर्षांत मी तुला कधी 'छान झालंय' म्हणून सांगितलं नाही," मालक खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"एकदा सांगितलंत. शहाण्णव साली."

"तेव्हा कुणी पाहुणा समोर बसला असेल."

थोमाई हसली. कोट अंगावर चढला तसा खांद्यावर त्याचा भार जाणवला, आणि पाठीवरून ऊब उतरली. आपल्या हातांनी आपण हे केलं, आणि ते कुणाच्या तरी लक्षात होतं. ती मालकांचा हात दोन्ही हातांत धरून उभी राहिली. "देव तुमचं भलं करो," एवढंच म्हणाली.

नाताळच्या सकाळी ती कोट घालून चर्चला गेली. शेजारणींनी सोडलं नाही. "थोमाईबाई, आता आम्हाला ओळख दाखवाल ना?" "अगं सरका, मॅडमना वाट द्या!" थोमाई लाजत होती, पण मनातून फार सुखावली होती. नवरा जर्मनीत मजुरी करता करता गेला, तेव्हापासून तिच्याकडे असं वळून कुणी पाहिलं नव्हतं.

दुपारी तिची मुलगी फानी आली. फानी जनावरांची डॉक्टर. तासाभराच्या अंतरावर डोंगरातल्या एका गावी जखमी आणि पोरक्या रानटी प्राण्यांचं केंद्र आहे, तिथं ती काम करते. दाराशीच खुंटीवरचा कोट तिला दिसला. कोबीच्या पानात गुंडाळलेलं खिम्याचं जेवण आईनं तिच्यासाठी मुद्दाम केलं होतं, ते तिनं मुकाट्यानं खाल्लं. मग म्हणाली,

"आई, त्या कोटात पन्नास जीव आहेत."

"चोपन्न," थोमाई म्हणाली.

"काय?"

"चोपन्न कातडी आहेत. दोन पोटाकडे फिक्की निघाली, ती काढून दुसरी लावली. मला विचार ना, मी शिवलाय."

"आणि हे सांगताना तुला काही वाटत नाही? जन्मभर हातभर पिंजऱ्यात फिरत राहतात ती, वेड लागल्यासारखी. मी पाहिलंय. हे सगळं ठाऊक असून तुला झोप कशी लागते?"

"दमून लागते," थोमाई म्हणाली. "तू कॉलेजात होतीस ना, तेव्हा कारखान्यातून आल्यावर मी घरीही तुकडे जोडत बसायची. पंजे, शेपट्या, लोक टाकून देतात ते. झोपेला वाटच बघावी लागायची नाही."

फानीचा चेहरा उतरला. "तेच तर जड जातं मला. तुझ्यावर ओरडायला मला तोंड नाही. पण मग गप्प बसायचं का?"

"गप्प बस असं मी म्हटलंय का?"

फानी संध्याकाळच्या आतच निघून गेली.

तो हिवाळा थोमाईनं कोट घातला. लाज वाटून कपाटात कोंबला नाही. पण चोपन्न हा आकडा तिच्या डोक्यातून जाईना. एका दुपारी तिनं कोट पलंगावर पसरला. केस कुठल्या बाजूला झुकलेत यावरून एकेक कातडं तिला वेगळं ओळखता येत होतं; गेली चाळीस वर्षं ती हेच करत आली होती. हे जरा दाट, हे पाठीवर तांबूस, हे मादीचं, बारीक. इतक्या जवळून ओळखलेल्या या जनावरांपैकी एकही तिनं जिवंत पाहिलेलं नव्हतं. तिला पश्चात्ताप झाला असं म्हणता येणार नाही. मिंकच्या जिवावर चूल पेटली, पोर शिकली, छप्पर राहिलं; ते खोटं कसं म्हणायचं? पण एखाद्या घरी वर्षानुवर्षं जेवावं आणि वाढणाऱ्या बाईकडे मान वर करून बघूही नये, तसं काहीतरी आपल्या हातून झालंय, असं तिला वाटलं. तिनं कोटावरून हात फिरवला आणि तो पुन्हा टांगून ठेवला.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी ती सणाच्या रिवाजाप्रमाणे अंडी लाल रंगवत होती, तेव्हा फोन वाजला. फानी होती. नाताळनंतर त्यांचं बोलणं व्हायचं, पण हवापाण्याचं.

"आई, तुझ्याकडे फरचे तुकडे असतील का?" फानीनं एका दमात विचारलं.

थोमाईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. याच मुलीनं घरातल्या फरच्या सपाता उकिरड्यावर फेकल्या होत्या.

"कशाला गं?"

"कोल्ह्याची तीन पिल्लं आलीत. त्यांची आई हमरस्त्यावर गाडीखाली गेली. इवलीशी आहेत, डोळे नुकतेच उघडलेत. गरम पाण्याची बाटली ठेवली, टॉवेल ठेवला. टॉवेलच्या धाग्यांत नखं अडकतात. थरथरतात, दूध तोंडाला लावत नाहीत. ती आईचं अंग शोधतायत." तिचा आवाज अडखळला. "मला माहितेय मी कुठल्या तोंडानं मागतेय."

"त्या पिल्लांच्या तोंडानं मागतेयस," थोमाई म्हणाली. "पण तुकडे नाहीत गं. कारखाना बंद झाला तेव्हा सगळं विकलं."

"बरं. बघते मी दुसरं काहीतरी."

"थांब. शेवटची बस किती वाजता असते तिकडे?"

तिनं साबण लावून बोटांवरचा लाल रंग घासघासून काढला. ओला रंग फरला लागला तर निघत नाही. मग कोट टेबलावर पालथा घातला आणि उजव्या बाहीचं अस्तर उसवलं. फरला कात्री लावत नाहीत, केस कापले जातात. तिनं आपला जुना धारेचा चाकू घेतला आणि कातड्याच्या बाजूनं खांद्याची शिवण हलकेच मोकळी केली. आपलंच काम, त्यामुळे कुठं टाका घट्ट आहे ते बोटांना आधीच कळत होतं. हात एकदाच थांबला, अगदी सुरुवातीला. बाही सुटली तशी तिनं ती उलटी केली, केस आत आणि कातडं बाहेर, आणि मनगटाकडचं तोंड शिवून टाकलं. झालं एक बीळ. तीन वाजताच्या बसमध्ये ती ते मांडीवर घेऊन बसली.

फानी बसथांब्यावर उभी होती. आईच्या हातातली बाही पाहून ती बघतच राहिली.

"आई! तू कोट कापलास?"

"कोट कुठं? बाही काढलीय. चल, रडत उभी राहू नकोस, ती पोरं उपाशी आहेत."

पिल्लं मुठीएवढी होती, मातकट रंगाची. कोल्ह्याची म्हणून कुणी सांगितलं नसतं. फानीनं बाटली बाहीत सरकवली आणि ती पिल्लांच्या खोक्यात ठेवली. पहिल्या पिल्लानं नाक लावलं, मागे सरकलं, पुन्हा लावलं. मग एकाएकी डोकं खुपसून आत शिरलं. त्याच्या मागोमाग दुसरं. तिसरं अशक्त होतं, त्याला थोमाईनं हातानं आत ठेवलं. थरथर थांबायला बराच वेळ लागला. तासाभरानं फानीनं दूध लावलं तर पहिली दोन्ही चुटूचुटू ओढू लागली.

तिसरं पहाटे गेलं. फानीनं दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. "पण उबेत गेलं, आई," ती म्हणाली. "गारठून नाही गेलं. तुझे उपकार कसे मानू?"

"माझे कसले? बाही माझी नव्हतीच."

पुढच्या आठवड्यात दुसरी बाही गेली; एक मळली की बदलायला दुसरी हवी. मग काटेरी हेजहॉगचं पिल्लू आलं, त्याच्यासाठी कॉलर. आता मालकांना सांगणं भाग होतं. दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी आपण सांगावं म्हणून थोमाई पालेभाजी भरून भट्टीत भाजलेली पोळी घेऊन त्यांच्या घरी गेली. सगळं ऐकून प्रोकोपिस मालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिला वाटलं, म्हाताऱ्याचं मन मोडलं.

"आधी कुठली बाही काढलीस?" शेवटी त्यांनी विचारलं.

"उजवी."

"उजवी! अगं, डावीत ते एक निस्तेज कातडं होतं, मी तेव्हाच म्हणालो होतो तुला. आधी ती काढायची ना!"

"पिल्लांना काय कळतंय, मालक?"

"आपल्याला कळतं ना!" ते खवळले, आणि मग दोघंही इतके हसले की मालकीणबाई स्वयंपाकघरातून बघायला आल्या. निघताना त्यांनी माळ्यावरून दोन गाठोडी काढून दिली, बायकोचा जुना कोट आणि नमुन्याची कातडी. "घेऊन जा. वडील सांगायचे, कोट जपा, तीस वर्षं टिकतो. ज्याच्या अंगावरून काढला त्याचं नाव मात्र आमच्या घरात कुणी काढलं नाही."

सप्टेंबरात कोल्ह्याची दोन्ही पिल्लं सोडायची ठरली तेव्हा थोमाई मालकांनाही घेऊन गेली. बीच नावाच्या झाडांच्या रानाच्या कडेला फानीनं पिंजऱ्याचं दार वर केलं. एव्हाना ती लालभडक, लांब पायांची झाली होती आणि माणसांकडे संशयानं बघत होती. एक सरळ झाडीत पळालं. दुसरं दाराशी बसलं, अंग खाजवलं, आणि मग निवांत चालत गेलं.

"काय केस आहेत!" मालक सवयीनं पुटपुटले आणि फानीनं डोळे वटारताच कानाच्या पाळीला हात लावून म्हणाले, "चालत्या अंगावर म्हणतोय गं, पोरी. चालत्या अंगावर."

फानी हसली. तिनं आईचा हात हातात घेतला. सुईनं घट्टे पडलेली ती बोटं ती एकेक करून चाचपत राहिली, आणि मग हळूच म्हणाली, "आई, या हातांनी मला शिकवलं. हे मी कधी म्हटलंच नाही."

थोमाईनं तिचा हात दाबला. ती झाडीकडे पाहत होती. कुणाकुणाचे आभार मानायचे, याचा हिशेब तिला लागत नव्हता. मालकांचे, मुलीचे, आणि ज्यांना तिनं कधी जिवंत पाहिलं नाही त्या सगळ्यांचे. तिनं मान लववली, छातीवर तीनदा क्रूस काढला आणि म्हणाली, "चला, मी डब्यात बीन्स आणलेत. गार व्हायच्या आत खाऊन घेऊ."