तुटक्या मानेचा मोर

सोलापूरच्या साखर पेठेत सुंदरम्माला ओळखत नाही असा विणकर शोधूनही सापडला नसता. एकतीस वर्षं तिने नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागाची कार्डं पाडली. चादरीवर मोर हवा असेल तर तो आधी ग्राफच्या कागदावर चौकटी भरून काढतात. मग त्यातली एकेक ओळ बघून पुठ्ठ्याच्या एकेका कार्डावर भोकं पाडायची. भोक असेल तिथला उभा धागा माग वर उचलतो, नसेल तिथला खालीच राहतो. अशी पाचशे कार्डं माळेसारखी ओवून मागावर चढवली की कापडावर मोर उमटू लागतो, आणि कार्डात भोक चुकलं असेल तर ते चादरीत उतरतं. सुंदरम्माचं भोक चुकत नाही, अशी तिची ख्याती होती. मालक नव्या बायकांना सांगायचे, "देव चुकेल, सुंदरम्मा चुकायची नाही." ते ऐकलं की ती मान खाली घालायची. सगळ्यांना वाटायचं, लाजली.

मे महिन्यातल्या एका बुधवारी तिच्या मुलाच्या, विरेशच्या फोनवर निरोप आला. रविवारच्या कार्यक्रमात स्टेजवर यायचं नाही. आलास तर पब्लिक काय करेल ते आम्ही सांगू शकत नाही. खाली चाहत्यांच्या समितीच्या वतीने उदयसिंहचं नाव.

कार्यक्रम युवराजच्या पहिल्या वर्षश्राद्धाचा होता. युवराज वैरागचा. कॉलेजसाठी सोलापुरात आला, विरेशच्या बाकावर बसला आणि पुढची सहा वर्षं त्याच्याच शेजारी बसून राहिला. शब्द युवराजचे, संगीत विरेशचं. या शहराच्या उन्हावरून युवराजने रॅपर म्हणून नाव घेतलं 'पंचेचाळीस', आणि बघता बघता पुण्या-नागपुरातली पोरं त्याची गाणी तोंडपाठ म्हणायला लागली. मग गेल्या मेमध्ये, भर दुपारी, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून तो कूलरमध्ये पाणी भरत होता, आणि शॉक लागून गेला. विरेश त्या दिवशी माळशिरसला एका लग्नात साउंड लावायला गेला होता. पोलिसांनी अपघाताची नोंद केली, डॉक्टरांनीही तेच लिहिलं.

चाहत्यांना ते पटेना. कुणी म्हणालं, तो दुबईत जिवंत आहे. कुणी म्हणालं, मुंबईच्या गँगने उडवला. पण सगळ्यांत जास्त चाललं ते करमाळ्याच्या उदयसिंहचं. त्याच्या चॅनेलवरचा व्हिडिओ सहा लाख लोकांनी पाहिला होता. युवराजने मरणाआधी दोन दिवस घरातच चित्रित केलेल्या गाण्यात त्याच्यामागे भिंतीवर एक चादर आहे. तिचा जेवढा भाग दिसतो त्यावर समोरासमोर दोन मोर. डावा धडधाकट, उजव्याची मान तुटलेली. 'बाजारात अशी चादर मिळते का? नाही! ही मरणाची धमकी आहे, मुद्दाम विणून घेतलेली. आणि चादरी विणणाऱ्या घरातला कोण होता त्याच्याजवळ?' उत्तर उदयसिंह देत नव्हता. ते खाली लोक लिहीत होते, विरेशच्या फोटोसकट.

ती चादर पंचनाम्यात जमा झाली होती, त्यामुळे उलगडून दाखवायची सोय नव्हती.

"मी जातो हैदराबादला," विरेश म्हणाला. "मामा म्हणतोय, त्याच्या दुकानात ये. कीबोर्डला गिऱ्हाईक बघितलंय."

"आणि ते गाणं?" त्याची मोठी बहीण रेश्मा म्हणाली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करत होती आणि तिला अर्धवट सोडलेली कुठलीही गोष्ट आवडत नसे. युवराजचं शेवटचं गाणं त्याच्या आवाजात रेकॉर्ड झालेलं होतं. विरेशने वर्षभर बसून त्याला संगीत लावलं होतं. अजून कुणीच ते ऐकलं नव्हतं.

"ते राहू दे."

सुंदरम्मा दाराशी शेंगा निवडत बसली होती. युवराज दर गुरुवारी तिच्याकडे जेवायचा आणि चटणीवर तेल जास्त मागायचा. तो गेल्यापासून त्याचा चेहरा दिसेल असं काहीही तिने बघितलं नव्हतं.

"दाखव मला तो व्हिडिओ," ती म्हणाली.

"अम्मा, कशाला?"

"दाखव म्हटलं ना."

त्याने फोन पुढे केला. तिने युवराजच्या चेहऱ्यावरून नजर बाजूला सारली आणि त्याच्या खांद्यामागे बघितलं.

"थांबव. मोठं कर. अजून."

हातातली शेंग तिने टोपलीत परत टाकली.

"हे माझं आहे."

"चादर तुझीच आहे की. आवाज घुमू नये म्हणून भिंतीवर लावायला तूच दिली होतीस."

"चादर नाही रे. चूक. चूक माझी आहे."

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. जोडमोराचं डिझाइन. ग्राफवर दर आठ घरांनंतर एक जाड रेघ असते, तिच्यावरून मोजायचं. चहा घेऊन परत बसताना ती उजव्या मोराच्या मानेवर होती, आणि तिने एक रेघ अलीकडची धरली. बारा कार्डं होईपर्यंत ते लक्षात आलं नाही; तेराव्याला ती आपसूक योग्य रेघेवर आली. त्यामुळे मोराचं डोकं जागेवर, छाती जागेवर, आणि मधली मान तेवढी आठ घरं बाजूला जाऊन पडली. सात आठवड्यांनी शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीत तिला ती दिसली. दुसऱ्या दिवशी माग सुरू व्हायच्या आधी जाऊन तिने नवी बारा कार्डं पाडून बदलली.

"कुणाला सांगितलं होतंस?" रेश्माने विचारलं.

"कुणाला सांगणार? देव चुकेल म्हणत होते ना."

"जुनी कार्डं?"

"बंबात घातली."

रेश्माने कपाळाला हात लावला. "म्हणजे तुझ्या शब्दाशिवाय काही नाही. आणि तू त्याची आई."

"असं कसं काही नाही? सात आठवडे सहा मागांवर ती चादर निघाली. चार हजार तरी असतील. त्या दिवाळीला मालकांनी आम्हा सगळ्यांना त्या डिझाइनची एकेक दिली, माझ्या वाट्याला त्यातली आली."

रेश्मा उठून वही घेऊन आली. "हळू सांग. डिझाइन एकूण किती दिवस चाललं? कुठल्या बाजूने बघायचं? रंग कुठला?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समितीची बैठक होती, एका शाळेच्या हॉलमध्ये. चाळीसेक पोरं, पुढे खुर्च्यांवर युवराजचे आईवडील, रावजी आणि बजाबाई, कार्यक्रमासाठी वैरागहून आलेले. सुंदरम्मा रेश्माला घेऊन गेली. बरोबर मायाक्काही आली, सुंदरम्माची कार्डं वीस वर्षं ओवणारी. तिला कशासाठी चाललोय हे सांगितलं नव्हतं, हीच चूक झाली.

सुंदरम्मा चारचौघांत बोलणारी बाई नव्हती. उभी राहून तिने सरळ सांगितलं, "त्या मोराची मान माझ्या हातून तुटली. पोराचा त्यात काही संबंध नाही."

मायाक्का ताडकन उठली.

"काय बोलतीस? तुझ्या हातून? शक्य न्हाय! वीस वर्सं हिची कार्डं ओवलीत मी, एक भोक इकडचं तिकडं न्हाय. लेकासाटी सोताचं नाव खराब करतीय ही!"

पोरं हसली. उदयसिंह तिशीच्या आतला, गळ्यात युवराजचा फोटो असलेलं लॉकेट. त्याचा आवाज चढलेला नव्हता, उलट समजुतीचा होता.

"काकू, बसा. तुमी आई हाय. आई काय बी बोलंल. तुमची मैत्रीणच म्हणती की तुमी चुकत न्हाई."

एकतीस वर्षं जे कानाला गोड लागलं होतं, ते सुंदरम्माला त्या क्षणी कडू झालं. आपलं नाव आपल्याच पोराच्या आड येतंय, हे तिला दिसत होतं.

रेश्मा उभी राहिली. तिच्या हातात कागद होता.

"आईवर विश्वास ठेवू नका," ती म्हणाली. "चादरींवर ठेवा. मी इथे आधीच लिहून देते, नंतर बदलणार नाही. जांभळी, जोडमोराची, बारा वर्षांपूर्वीची चादर. गडद बाजू वर करायची. चूक असलेल्या चादरीत प्रत्येक जोडीतला उजवाच मोर तुटलेला असेल, डावा एकही नाही. एका ओळीत पाच जोड्या, पाचही तशाच. मान आठ घरं आत सरकलेली. आणि सगळ्या चादरींत चूक सापडणार नाही. डिझाइन सतरा आठवडे चाललं, त्यातले सात चुकीचे. सरासरी पाच चादरींत दोन निघतील. यातलं एक जरी खोटं ठरलं तर माझा भाऊ स्टेजवर येणार नाही."

"चादरी तुमी आननार," मागून कुणीतरी म्हणालं.

"आम्ही हातसुद्धा लावणार नाही. तुमच्या चॅनेलवरून तुम्हीच बोलवा. उघडाही तुम्हीच."

उदयसिंहने कागद घेतला, दोनदा वाचला, त्याचा फोटो काढून तिथल्या तिथे चॅनेलवर टाकला. "शनिवारी, पाच वाजता, शाळेच्या मैदानावर," तो म्हणाला. त्याला आपली बाजू खरी वाटत होती, म्हणून तो घाबरला नाही.

शनिवारी पाच वाजता मैदानावर जत्रा भरली. लोक चादरी घेऊन आले ते स्कूटरवर, सायकलवर, डोक्यावर. कुणी ट्रंकेच्या तळातून काढलेली, डांबरगोळीच्या वासाची. कुणी लेकराची झोपमोड करून ओढून आणलेली. एका रिक्षावाल्याने सीटवर घातलेलीच काढून आणली. अक्कलकोटहून दोन भाऊ एकच चादर घेऊन आले आणि ती कुणाची यावर वाटेतच भांडले होते. उदयसिंहने त्यातल्या जांभळ्या जोडमोराच्या बाजूला काढल्या. त्रेचाळीस भरल्या.

सुंदरम्माला पाठ करून खुर्चीवर बसवलं होतं. रेश्माचा तसा आग्रह होता. नंतर कुणी म्हणायला नको की आईने डोळ्यांनी खुणावलं. तिला समोर फक्त भिंत दिसत होती आणि भिंतीला टेकून उभा असलेला विरेश. त्याचे हात खिशात होते, पण खांदे ताठ झाले होते.

मागून चादर झटकल्याचा आवाज आला.

"नीट हाय," उदयसिंह म्हणाला.

दुसरी. "नीट हाय."

तिसरी, चौथी, पाचवी. पोरांत कुजबुज सुरू झाली. सहावी. सातव्या चादरीला कुणीतरी शिट्टी मारली. सुंदरम्माने मनातल्या मनात पुन्हा मोजलं. सतरा आठवडे होते की जास्त? लोकांनी ती चूक पाहून चादरी फेकून तर दिल्या नसतील? विरेश तिच्याकडे बघत नव्हता.

आठवी चादर झटकली गेली. आणि नंतर काहीच ऐकू आलं नाही. ना नीट, ना काही.

मग मायाक्काची आरोळी सगळ्या मैदानावरून गेली.

"अगं सुंदरेऽऽ! चुकलीस की गं! चुकलीस!"

सुंदरम्मा उठून वळली. पाच माणसांनी ताणून धरलेल्या चादरीवर पाच उजवे मोर मान टाकून उभे होते, आणि मायाक्का त्यांच्यावर बोट नाचवत होती. "ह्ये बगा! ह्यो बी! ह्यो बी!"

"चुकली! चुकली!" पोरं ओरडू लागली. एखाद्याने शतक ठोकावं तसा तो ओरडा होता. नववी तुटकी. दहावी नीट. अकरावी, बारावी तुटक्या. दर तुटक्या मोराला टाळ्या पडत होत्या. उदयसिंह मात्र ओरडत नव्हता. तो गुडघ्यावर बसून, नाक कापडाला लावून, प्रत्येक मोराची घरं बोटाने मोजत होता. आठ. आठ. पुन्हा आठ. त्रेचाळिसावी उलगडेपर्यंत सूर्य कलला होता. एकोणीस निघाल्या.

"एका मानसाला धमकी द्यायला चार हजार चादरी कोन इनतंय?" रिक्षावाला म्हणाला आणि सगळे हसले.

उदयसिंह तसाच बसून होता. त्याने लॉकेट मुठीत धरलं होतं.

"मग… कूलरच?" तो कुणाला विचारत होता ते त्यालाही कळत नव्हतं. "येवडा मोठा मानूस. साध्या कूलरनं?"

बजाबाई त्याच्याजवळ गेल्या. वर्षभर त्यांना किती जणांनी किती गोष्टी सांगितल्या होत्या.

"व्हय रं बाबा. कूलरच," त्या म्हणाल्या. "माजं लेकरू मोटं होतं, पर कूलरला काय म्हाईत?"

उदयसिंहने तोंड झाकून घेतलं. त्या त्याच्या डोक्यावर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग भिंतीकडे जाऊन त्यांनी विरेशचा हात खिशातून बाहेर ओढला आणि त्याला लोकांसमोर घेऊन आल्या.

"उद्या ह्यो वाजवनार," त्यांनी सांगितलं. "कुनाला काय म्हनायचं आसंल त्यानं आत्ता मला म्हना."

रावजींनी फेटा काढून पुन्हा नीट बांधला. पहिली टाळी उदयसिंहची होती.

रविवारी संध्याकाळी मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारच्या व्हिडिओत उदयसिंहने स्वतःचं चुकलेलं सांगितलं होतं, काटछाट न करता. आता तो स्टेजच्या कडेला विरेशच्या वायरी सावरत होता. सुंदरम्मा बजाबाईंच्या शेजारी पहिल्या रांगेत होती. तिला रॅप कधी कळलं नव्हतं. शब्द फार घाईने येतात आणि एक धरावा तर पुढचे चार निसटतात, अशी तिची युवराजकडे तक्रार असायची.

विरेशने कीबोर्डवर बोटं ठेवली. ढोलासारखा एक ठोका छातीत घुसला आणि भोंग्यांतून युवराज बोलू लागला:

*पारा चढला पंचेचाळीस, नळ रुसला दिवस पाच,*
*तापल्या डांबरावरती तरी माझ्या गल्लीचा नाच!*

माणसं उभी राहिली, ती बसलीच नाहीत. बजाबाई रडत होत्या आणि टाळ्याही वाजवत होत्या. गाणं संपलं तसं मैदान एका आवाजात ओरडलं, "परत!" विरेशने परत वाजवलं. पुन्हा "परत!" तिसऱ्या वेळी त्याने आईकडे बघितलं आणि वर्षभरात पहिल्यांदा दात दाखवून हसला.

चौथ्या वेळी सुंदरम्मा सगळे शब्द म्हणत होती, मोठ्याने, एकही न चुकवता.