पाठीची शिवण

घरच्या शिवणकामाच्या दुकानात मेलेल्या माणसाचे कपडे शिवायची एक रीत होती. पुढून झकास, पाठ मात्र उघडी. मागे दोन बंद बांधले की झालं. आखडलेल्या अंगात घालायला सोपं, आणि निजलेल्या माणसाची पाठ बघतंय कोण!

ही रीत म्हातारीनेच पाडलेली. आता डॉक्टरांनी तिच्या दुखण्यापुढे हात टेकले, तेव्हा तिने मुलाला बजावलं, "माझा कपडा माझ्या डोळ्यांदेखत शिव." त्याने हाताच्या सवयीने नेहमीसारखाच पांढरा झगा शिवून अंथरुणावर आणून ठेवला.

म्हातारीने तो उलटा केला आणि भडकलीच.

"पाठ कुठंय याची?"

"अगं आई, आपण नेहमी असाच..."

"नेहमीचं नेहमीच्यांना. मला उठायचंय! शेवटच्या दिवशी तुतारी वाजली, मेलेले कबरीतून उठले, की उघड्या पाठीनं प्रभूपुढं जाऊ? पोरगा शिंपी, आणि आईची ही दशा!"

दारात सून हसू दाबत उभी होती. मुलाने मात्र झग्याचे सुटे बंद हातात घेतले.

"मग भिंगरीचं काय?"

भिंगरी म्हणजे त्याची लेक. एका जागी म्हणून ठरत नसे. तापाने गेली, तेव्हा तिचा झगा त्यानेच शिवला होता. तेव्हापासून तो चर्चची पायरी चढला नव्हता.

"तिची पाठ मी उघडीच ठेवली, आई. ती कशी उठेल?"

म्हातारीने त्याला जवळ ओढलं. तिला वाटायचं, पोरगा देवावर रुसलाय. हा तर हे काटेरी ओझं पोटात घेऊन बसलेला!

"वेड्या, इकडं बघ. स्वतःच्या कबरीवरचा धोंडा सारून जो उठला, तो तुझ्या धावदोऱ्यासाठी अडून बसेल होय? भिंगरीला तो स्वतःच्या हातानं सजवील. बघशील तेव्हा हातातली कात्री गळून पडेल तुझी."

"मग तुझी तरी पाठ कशाला शिवू?"

"तुझ्यासाठी! बंद बांधून बांधून तुझ्या हाताला मरणच खरं वाटायला लागलंय. एकदा उठणाऱ्या माणसासाठी शिवून तर बघ."

त्याने तिला सावरून बसवलं. मग गळ्यातला टेप काढून त्याने तिच्या पाठीला लावला. दुपारभर मशीन धडधडत राहिलं, आणि आतून म्हातारी ओरडत राहिली, "काजं नीट कर, झोपा काढतोस का?"

उन्हं उतरताना, सुनेच्या खांद्याचा आधार घेत ती झगा घालून उभी राहिली. पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत बटणांची ओळ. मुलगा तिच्या पायाशी गुडघे टेकून बसला होता.

"लांबी किती ठेवू?"

"आखूड. पायात यायला नको. धावायचंय मला."

"आई, भिंगरी भेटली तर तिला सांग..."

"मी नाही कुणाचे निरोप नेत. उठशील तेव्हा तूच सांग."

मुलाने वर पाहिलं. डोळे भरलेले, पण तो हसत होता, अगदी खळखळून.

"सांगेन," तो म्हणाला. "तिच्या समोर उभा राहून सांगेन."

"मग लाव टाचणी. आणि पायाला टोचू नकोस, अजून मेले नाही मी!"