कांद्याची चांदणी

आधीच सांगून ठेवतो, यातलं अक्षरही तुम्हाला खरं वाटणार नाही. मलाही वाटलं नसतं, पण मी स्वतः पहिल्या बाकावर बसलो होतो. गेल्या नाताळात शिरूरच्या आमच्या मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, कांद्यानं पाळकसाहेबांपासून पंचांपर्यंत झाडून सगळ्यांना रडवलं. आणि कापलेल्या कांद्यानं नव्हे हं. टांगलेल्या.

हे मी दौंडला माझ्या लेकीच्या, जॉयसच्या ओट्यावर बसून सांगत होतो, तर शेजारचा दत्ता म्हणाला, "आबा, मागल्या खेपेला तुम्ही घोडनदीतला मासा शाळेत घातला हुता."

"त्याचं नाव अजून हजेरीपटावर आहे," मी म्हणालो. "तू मध्ये बोलू नको."

दत्ता कुरकुंभच्या केमिकलच्या कारखान्यात कामाला. रातपाळी करून आला की झोपायचं सोडून माझ्यापुढं उकिडवा बसतो. माझ्या गोष्टीत डुलकी चांगली लागते म्हणतो. पायरीवर माझी नात सारा बसली होती. माझ्या मुलाची मुलगी, शिरूरला आमच्याजवळच असते, सुट्टी म्हणून माझ्याबरोबर आत्याकडे आलेली. धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांच्या पट्ट्या कापून त्यांची वेणी घालत होती. तोंडातून चकार शब्द नाही. पोरगी एवढी गप्प का, असा संशय मला तेव्हाच यायला हवा होता.

तर गोष्ट तिच्यापासूनच सुरू होते. संडे स्कूलच्या बाईंनी पोरांना सांगितलं, या नाताळाला विकतची सजावट आणायची नाही. घरात निघणारा कचरा कमी करायचा, आणि जो निघेल त्यातून काहीतरी हातानं करायचं. बाकीच्या पोरांनी ऐकलं आणि घरी जाऊन झोपली. आमच्या सारानं मात्र कायदा लागू केला. कचऱ्याच्या डब्याशेजारी पाट मांडून बसली, रेल्वेच्या टीसीसारखी. काही टाकायला गेलं की हात धरायची. चहाचा चोथा कढीपत्त्याला. टूथपेस्टची नळी कापून आतलं पुसून वापरायचं. माझी जुनी पँट तिनं उलटीपालटी करून भाजीची पिशवी शिवली. बाजारात लोक त्या पिशवीला "काय विल्यमराव, बरं आहे ना?" विचारायचे, आणि मला कुणी ओळखत नसे.

"हे मातर खरं वाटतंय," दत्ता म्हणाला.

पुढचं ऐक. कचरा इतका कमी झाला की घंटागाडीवाला ज्ञानू आमच्या दारात थांबेनासा झाला. आणि एके सकाळी आला तो थेट हार घेऊनच. मी ओट्यावर चहा पीत बसलेलो. मला बघून त्याचा चेहरा पडला.

"आबा, तुम्ही हाय व्हय? म्या म्हणलं कचरा न्हाई, आवाज न्हाई, म्हंजी झालं आबाचं."

आता आणलेला हार परत न्यायचा कसा? त्यानं माझ्याच गळ्यात घातला आणि घंटा वाजवत निघून गेला. फुलं सारानं कुंडीत कुस्करली आणि हाराचा दोरा गुंडाळून फडताळात ठेवला. तो दोरा लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

आमच्या भिंतीपलीकडं सोजराबाई राहतात. बाई एकदम कडक. मूळच्या केंदूरच्या, भावाची तिथं कांदा साठवायची चाळ आहे. सारा भिंतीवर चढून त्यांनाही शिकवायला लागली. "सोजराआजी, ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. आणि ओला कमीत कमी करायचा."

"कमी कराचा?" सोजराबाई म्हणाल्या. "मंग त्यात काय अवघड हाय?"

दुसऱ्या दिवशी बघतो तर बाईंनी पत्र्यावर जुनं लुगडं अंथरलेलं, आणि त्याच्यावर कुरडया घालाव्यात तशा ओळीनं केळीच्या साली, मटाराची टरफलं, दुधीच्या साली, आणि निम्म्या लुगड्यावर नुसते कांद्याचे पापुद्रे. बाई काठी घेऊन कावळे हाकत बसल्या होत्या. चांगलं कडकडीत ऊन खाऊ घातलं, आणि मग टोपली भरून साराच्या पुढ्यात आणून ओतली.

"ही घे. आता आमच्यात ओला कचरा म्हणून न्हाई. समदा सुका."

"अहो आजी, तसं नसतं! ओला म्हणजे जो कुजतो तो."

"ह्यो कुजंल का?"

"आता नाही कुजणार. पण..."

"मंग? हात लावून बघ. हाय का कुठं ओला?"

सारानं हात लावला. कुठं ओला नव्हता. मी तर म्हणतो, नगरपालिकेलाही उत्तर सुचलं नसतं.

ती टोपली निवडत बसलेली असताना तिनं कांद्याचा एक पापुद्रा डोळ्यासमोर उन्हात धरला. मग मला हाक मारली. मी धरून बघितला. आमच्या आईचं घासून ठेवलेलं तांब्याचं घंगाळ होतं ना, सकाळच्या उन्हात जसं दिसायचं तसं. आत शिरा, बारीक, हाताच्या तळव्यावर असतात तशा. सारा म्हणाली, "आजोबा, याच्या आत दिवा लावला तर?"

झालं. मंदिरावर नाताळात चांदणी लागते, ती या वेळी कांद्याच्या सालींची करायची असं ठरलं. संडे स्कूलची सगळी पोरं कामाला लागली. घरोघरच्या स्वयंपाकघरांतून पापुद्रे गोळा झाले. सोजराबाईंनी केंदूरच्या भावाला, हौसरावांना, फोन लावला. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं बहिणीच्या डोक्यावर परिणाम झाला, कांदे सोडून साली मागतीय. पण पोतं पाठवलं. तुरीच्या वाळक्या काड्या, तुराट्या, बांधून सांगाडा केला, त्याचे सांधे आवळायला हाराचा दोरा. कणकेची खळ शिजवून पापुद्र्यावर पापुद्रा चिकटवला. माझ्या मिशीला खळ लागून ती एका बाजूला वर वळली ती वळलीच, रविवारपर्यंत मी अर्धा हवालदार दिसत होतो.

चांदणी माझ्याएवढी उंच झाली.

"तुमच्याएवढी?" दत्ता.

बरं, साराएवढी. तू झोप.

पण एक अडचण होती, तिचं नाव जेम्स. जेम्स आमच्या पंचकमिटीचा सेक्रेटरी. माणूस वाईट नाही, फक्त त्याला चकचकीत वस्तू फार आवडतात. त्यानं आधीच पुण्याहून प्लॅस्टिकची चांदणी आणून ठेवलेली. रंग बदलणारी, वरून गाणंही म्हणणारी. तिचं नुसतं पॅकिंग उलगडलं तर थर्माकोल आणि पिशव्यांचा एवढा ढीग झाला की आमचा सबंध महिन्याचा कचरा त्याच्या सावलीत बसला असता.

"मंदिरावर कचरा टांगायचा?" जेम्स म्हणाला. "सणसवाडीहून पाहुणे येणार आहेत. काय म्हणतील?"

"जेम्स," मी म्हणालो, "प्रभू गव्हाणीत जन्मला. तिथं शोरूम नव्हतं."

पाळकसाहेबांनी मधला मार्ग काढला. नाताळाच्या आधीच्या रविवारी संध्याकाळच्या उपासनेला साराची चांदणी आत, मधल्या तुळईला टांगायची. आशीर्वाद होईपर्यंत टिकली आणि कुणी नाव ठेवलं नाही तर नाताळभर तीच. पडली, नाहीतर कुणी तक्रार केली, तर जेम्सची.

सारानं मान डोलावली. पण त्या दिवशी जेवणात तिचं लक्ष नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "आजोबा, माझं काही नाही. पण बारक्या पोरांना मीच सांगितलंय की आपली चांदणी लागणार. ती पडली तर पुढच्या वर्षी कोण साल जपून ठेवेल? म्हणतील, कचरा तो कचराच."

मी चटणी मागितली.

रविवार आला. मंदिर भरलं. सोजराबाईसुद्धा आपल्या साली बघायला येऊन दाराशी उभ्या राहिल्या. चांदणी चढवली, आतला दिवा लागला, आणि लोकांच्या माना वर झाल्या. सगळ्यांचे चेहरे तांब्याच्या रंगाचे झाले. जेम्सचासुद्धा, आणि त्याचा चेहरा एरवी रेशनच्या रॉकेलच्या रंगाचा असतो. भिंतीवर शिरांच्या बारीक सावल्या पसरल्या. बारकी पोरं एकमेकांना कोपरं मारून दाखवायला लागली, तो माझा पापुद्रा, तो आमच्या घरचा.

गाणं झालं, पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले. आणि जेम्सनं रुमालानं वारा घ्यायला सुरुवात केली. "फार उकडतंय," म्हणाला. डिसेंबर महिना, लोक स्वेटर घालून बसलेले. उठला आणि पंखा लावला. तोही बरोबर चांदणीजवळचा.

चांदणी हलायला लागली. मग डोलायला. एक पापुद्रा सुटला आणि गिरक्या घेत पाळकसाहेबांच्या पुस्तकावर पडला. दुसरा माझ्या मांडीवर. सारा बाजूच्या बाकावर पोरांच्यात बसली होती. तिनं दोन्ही हातांनी बाक घट्ट धरलेला मला दिसत होता. हाराच्या दोऱ्याची एक गाठ सैल झाली.

"मंग पडली?" दत्ताची झोप उडाली होती.

इथंच तर खरी गंमत आहे. पंख्याच्या वाऱ्यानं आणि दिव्याच्या उबेनं कांद्याचा तो सगळा झणका उतरला खाली! एवढ्या पोतंभर कांद्याचा! आधी पहिला बाक रडायला लागला. मग दुसरा. मग रडं सरकत सरकत पार दारापर्यंत गेलं. दाराशी सोजराबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "साली माझ्या, आन् रडताय तुम्ही!" पेटीवाला तर रडत रडत पेटी वाजवायला लागला, उपदेश चालू असताना.

पाळकसाहेबांना काय माहीत? ते नेमके पश्चात्तापावर बोलत होते. इतकी वर्षं ते बोलतात आणि लोक घड्याळ बघतात. आज बघतात तर सगळी मंडळी हुंदके देतीय! त्यांना वाटलं, अखेर शब्द लागला. त्यांचा आवाज चढला. ते म्हणाले, "मोकळे व्हा!" तर एक बाई उठून म्हणाल्या, मागल्या नाताळात करंज्या कमी पडल्या त्या माझ्यामुळं. एकानं शेजाऱ्याची छत्री नेली होती, ती तो घरी पळत जाऊन घेऊन आला. एक जण तर चुकून दुसऱ्याचंच पाप कबूल करून बसला, ज्याचं होतं तो खाली बसून आमेन म्हणाला.

आणि शेवटी जेम्स उठला. धाय मोकलून रडत म्हणाला, "पंखा मी मुद्दाम लावला!" गेला, पंखा बंद केला. चांदणी थांबली. आशीर्वाद झाला, चांदणी जागच्या जागी. नाताळभर तीच राहिली, आणि सणसवाडीच्या पाहुण्यांनी जाताना विचारलं, साली कुठं मिळतील?

असा तो कांदा. आता बोला.

दत्तानं डोकं खाजवलं. "आबा, आमच्या प्लांटमधी काय गळलं तरी इतकी माणसं एका दमात रडत न्हाईत. पण कांदा हाय म्हंजी, असंल बी."

"असेल काय? आहे!" मी म्हणालो. "या सारालाच विचार की. काय गं?"

सारानं वेणीतली पट्टी दातात धरली होती. ती काढली, आणि वर न बघता म्हणाली, "आजोबा, कांद्याच्या वाळलेल्या सालीनं डोळ्यांत पाणी येतच नाही. इतक्या साली मी चिकटवल्या, मला एकदा तरी आलं का?"

"अगं, पण सगळे रडत होते ना!"

"सगळे कुठं? तुम्ही एकटेच रडत होता. चांदणी हलायला लागल्यापासून. जेम्समामांनी वळून तुमच्याकडं बघितलं, आणि मग उठून पंखा बंद केला."