मास्तरांचा लेथ

त्रेपन्न साली आमच्या शेजारच्या नृसिंह मास्तरांनी लेथ आणला, आन् तवापास्नं माझं पोट दुखाय लागलं. लपवून काय करू? इंजिनाच्या कारखान्यात सोळा वर्षं मी टर्नर. रोज दुसऱ्याच्या लेथवर दुसऱ्याचं लोखंड फिरवून गोल कातायचं. आन् शाळेत भूमिती शिकवणारा हा माणूस, ज्येच्या धोतराला उभ्या जन्मात तेलाचा डाग न्हाई, त्येच्या पडवीत टेबलावर हातभर लांबीचा इलायती लेथ! कशाला? तर पितळेची बुद्धिबळं करायला. हौस, म्हनं.

बायको म्हणाली, "त्येंच्या घरात आलाय, तुमच्या ताटात न्हाई बसला. तोंड कशाला वाकडं करताय?"

लेथचं एक वेळ सोसलं असतं. पर आमचे वस्ताद तिकडं बसाय लागले, ते न्हाई सोसलं. ज्ञानू वस्तादांनी मला हत्यार धरायला शिकवलं. सत्तरी उलटलेली, डोळ्यांत मोतीबिंदू, कारखाना कवाच सुटलेला. रोज सांजचं माझ्या दारात च्या प्यायचे, "आज काय कातलंस?" म्हणून विचारायचे. बाप गेल्यापास्नं तेच माझा बाप. लेथ आला आन् तिसऱ्या दिवशी ते माझं दार वलांडून थेट मास्तरांच्या पडवीत. च्या बी तिथंच. वर मलाच येऊन सांगायचे, "मास्तर लई बारीक प्रश्न विचारतोय रं!" मी काय सोळा वर्षं म्हसरं राखत हुतो?

लेथ मात्र थरथरत हुता. चालू केला की टेबलावरची कपबशी वाजायची, आन् पितळेच्या प्याद्यावर अंगावर काटा आल्यागत बारीक लाटा उठायच्या. वस्तादांनी टेबलाखाली वाळूची पोती ठेवली, पट्टा बदलला, हत्यार आखूड धरलं. थरथर हाय तशी. मग आमच्या धंद्यातला जुना इलाज. हलतंय? आवळ. आमी मिस्त्री लोक, हलणारी वस्तू दिसली की हात पान्याकडंच जातोय. लेथ टेबलाला धरून ठेवणारे चार बोल्ट वस्ताद रोज आवळायचे, आन् लेथ रोज जास्तच थरथरायचा.

मला पहिल्याच दिवशी कळलं हुतं. टेबल एका कोपऱ्यात दबलेलं. लेथचा एक पाय टेकतच नव्हता, तो बोल्टनं वढून खाली आणलेला, आन् त्यापायी बिडाचं सगळं अंग पिळवटलेलं. जितकं आवळाल तितका पीळ वाढणार. मी बोललो न्हाई. उलट मास्तरांनी विचारलं, "आकाराम, तुम्हाला काय वाटतं?" तवा म्हटलं, "अजून एक आटा आवळा की!" घरी येऊन हसलो बी. आता लाज वाटती, पर तवा हसलो.

असा महिना गेला. एका सोमवारी, आमच्या सुट्टीला, वस्ताद माझ्या दारात आले. मला आतनं उकळ्या फुटल्या. पर ते बसले न्हाईत.

"आकाराम, परवाच्या मोटारीनं गारगोटीला लेकीकडं जातो. कायमचा."

"का ओ वस्ताद?"

"हात गेला रं माझा. डोळं गेलं तवा म्हटलं, हात हाय. आता एवढंसं खेळणं मला दाद देईना. मास्तरासमोर मान वर करवंना." आन् स्वतःचे हात पुढं धरून उलटसुलट बघाय लागले.

हात त्येंचा गेला नव्हता, माझी जीभ गेलती. सांगून टाकावं, तर महिनाभर गप का बसलास ह्येचं उत्तर काय देऊ? आन् मी सांगून लेथ गप झाला, तर वस्तादांच्या मनातनं त्येंचा हात गेला तो गेलाच. ते त्येंच्याच बोटाला सापडाय पायजे हुतं.

म्हटलं, "जायच्या आधी एकदा चला. मला एक शंका हाय, पर माझ्या बोटाला कळंना."

सांजचं मास्तर शाळेतनं आले तवा तिघं पडवीत जमलो. मास्तरांच्या हातात मी पाना दिला. "ह्यो कोपऱ्याचा बोल्ट सावकाश सैल करा. वस्ताद, लेथचा पाय टेबलाला मिळतोय तिथं बोट ठेवा. मी ठेवलतं, मला काय समजलं न्हाई." साफ खोटं.

अर्धा आटा फिरला न्हाई तोवर वस्ताद वरडले, "थांबा! पाय उचलला की! केसाएवढा उचलला!"

पुढचं सांगाय लागलंच न्हाई. वस्तादांनी चारी बोल्ट सैल केले, तंबाखूच्या डबीचा पत्रा कापून घेतला, पायाखाली सारला, काढला, घासला, परत सारला, आन् बोल्ट नुसते बेतानं धरले. मास्तरांनी बटण दाबलं. लेथ फिरत हुता आन् कपबशी गप हुती. प्याद्यावरनं पितळेचा भुगा एकसारखा सुटाय लागला. वस्तादांनी प्यादं अंगठ्यानं चाचपलं आन् त्येंच्या डोळ्यांतनं पाणी आलं. "हाय की माझा हात! हाय की!" म्हणत सगळ्या पडवीत फिरले. "गारगोटी बिरगोटी काय न्हाई आता," म्हणाले.

मग माझ्याकडं वळले.

"हाताला धरून शिकवलं तुला, लेका, आन् एवढं तुझ्या बोटाला कळंना? उगंच तुझ्यावर जीव टाकला मी." तोंड फिरवून म्हणाले, "मास्तर, या हिकडं. बोट द्या तुमचं. माझ्यामागं हे कुणाला तरी यायला पायजे." आन् मास्तरांचं खडू लागलेलं बोट धरून त्येनी त्या सांध्यावर ठेवलं, लई मायेनं. मला शिकवताना शिव्या आन् टपल्याच दिलत्या.

जळून कोळसा झाला माझा. तोंडापर्यंत आलं, की म्हाताऱ्या, मला पहिल्या दिवशीच कळलं हुतं! दात आवळून गिळलं.

मास्तर भला माणूस. मागं वळून म्हणाले, "आकाराम, तुम्हीही या ना. शिकून घ्या."

"व्हय," म्हटलं, आन् मास्तरांच्या मागं दुसऱ्या नंबराला जाऊन उभा राहिलो.